यकृतरोपणाची वाटचाल

यकृत पित्त तयार करते, अन्नरसाचे शरीरोपयोगी रूपांतर करते आणि रक्त गोठविणारी द्रव्ये निर्माण करते. इतकी कामे दीर्घकाळ करील असे यंत्र मनुष्यास अद्याप घडविता आलेले नाही. मग निकामी यकृत काढून मृताचे निरोगी यकृत तेथे बसविता येईल काय? अमेरिकन शस्त्रवैद्य थॉमस स्टार्झल यांनी या प्रश्नास आयुष्य वाहिले.

कुत्र्यांवरील प्रयोगांनंतर १९६३ साली डेन्व्हर येथे त्यांनी मनुष्यावर पहिले यकृतरोपण केले. तीन वर्षांचे ते बालक रक्तस्रावाने शस्त्रक्रियेतच दगावले. पुढील रुग्णही वाचले नाहीत. तेव्हा स्टार्झल थांबले व पुन्हा प्रयोगशाळेकडे वळले. १९६७ साली यकृताचा कर्करोग झालेली एक बालिका रोपणानंतर वर्षाहून अधिक जगली. परंतु अन्यत्र पसरलेल्या त्याच रोगाने तिला नेले.

शरीर परका अवयव नाकारते. ही अडचण १९८० नंतर सायक्लोस्पोरिन या औषधाने बरीच दूर झाली. कर्करोगाचा प्रश्न मात्र उरला. १९९६ साली इटलीतील माझ्झाफेरो यांनी मर्यादा सुचविली: एकच गाठ असल्यास ५ सेंटिमीटरपर्यंत, तीनपर्यंत असल्यास प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत, आणि रोग यकृताबाहेर गेलेला नसावा. अशा रुग्णांत चार वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण शेकडा ७५ आढळले.

स्टार्झल २०१७ साली निवर्तले. अपयश येताच हात आवरून कारण शोधण्याचे त्यांचे धैर्य आम्हांस त्यांच्या कौशल्याहूनही मोलाचे वाटते.