जामीन झाला, सुटका नाही

येरवडा कारागृहाबाहेर मुलाखतीची रांग सकाळीच लागली आहे. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि कपड्यांची पिशवी, कुणाच्या कडेवर पोर. नाव पुकारलं की माणूस लगबगीने आत जातो, कारण बोलायला मोजकी मिनिटं मिळतात.

बाजूला झाडाखाली एक सामाजिक कार्यकर्ती मांडीवर फाईल ठेवून बसली आहे. तिच्यासमोर जालन्याकडची एक तरुण बाई. नवरा भंगाराच्या दुकानात हमाल होता, चोरीच्या गुन्ह्यात आत आहे. बाई मुलाखत करून नुकतीच बाहेर आली आहे. काचेपलीकडच्या बापाला मुलाने पडलेला दात दाखवला, एवढंच ती मुलाखतीबद्दल सांगते. मग पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढते. पिशवीत घड्यांवर झिजलेला कोर्टाचा आदेश आहे.

ताई वाचते. जामीन मंजूर होऊन दोन महिने झालेत. पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा स्थानिक जामीनदार, ही अट.

"पुण्यात आमच्या ओळखीचं कोण हाय, ताई? सातबारा घेऊन कोण उभं राहील?"

"कुणी नाही, तेच कोर्टाला सांगायचं," म्हणत ताई कोरा कागद पुढे ओढते.

अर्जाचं बळ तिला पाठ आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जामीन होऊन महिनाभरात पूर्तता झाली नाही, तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका रखडते, म्हणून ती घालू नये, असंही सुचवलं आहे. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी २०२३पासून केंद्राची योजनाही आहे. पण हे या रांगेपर्यंत पोचवायचं कुणी? देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, गुन्हा अजून शाबीत न झालेले. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत कोर्टाचा कागद वाचणारं कुणी नसतं.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'ने १९९० साली मुंबईत हे काम सुरू केलं. कैद्याला वकील मिळवून देणं, घरी निरोप पोचवणं, मुलांची शाळा सुटू न देणं. काम दिसायला किरकोळ, पण त्यावाचून घर उभं राहत नाही. शिक्षा ठरण्याआधीच बायको कामाचे खाडे भोगते, पोरं शेजाऱ्यांच्या नजरा झेलतात. त्यांना आधार देणं ही दया नव्हे, न्यायाचाच तो भाग आहे. प्रत्येक कारागृहाच्या फाटकाबाहेर असं एक माणूस बसलेलं असायलाच हवं.

अर्ज पूर्ण होतो. ताई तो मोठ्याने वाचून दाखवते, बाई ओळीओळीला मान हलवते आणि शेवटी सावकाश सही करते.

"उद्या अकराला कोर्टात ये. विधी सेवा प्राधिकरणाचे वकील असतील, मीही आहे. डबा आण, वेळ लागेल."

बाई उठते. रांगेतले एक आजोबा हातातला कागद सावरत तिच्या जागी येऊन बसतात.