पितळी पातेल्यातलं वरचं दूध

धातूच्या अणूला एकाच वेळी दोन-तीन बाजूंनी धरून ठेवणाऱ्या रेणूंची, म्हणजे चिलेटिंग एजंटांची, मला कॉलेजपासून ओढ आहे. ईडीटीएने पाण्याचा कठीणपणा मोजणं विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात लुइसाइट या आर्सेनिकच्या विषावर ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स आणि सहकाऱ्यांनी उतारा शोधला, तेही अनेकांना ठाऊक असतं. मला मात्र खेचून घेतलं ते पुण्यात झालेल्या कामाने.

इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस हा आजार आज तरुण डॉक्टरांना पुस्तकातच भेटतो. सहा महिने ते तीन-चार वर्षांचं मूल, वाढत जाणारं पोट, हाताला कडक लागणारं लिव्हर, मग कावीळ, पोटात पाणी आणि मृत्यू. एकाच आईची दोन-तीन मुलं अशी गेलेली असत. त्यामुळे दोष रक्तात शोधला जाई, आणि घराण्याला शाप आहे असंही बोललं जाई. या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं भयानक साचलेलं असे. निरोगी लिव्हरच्या एका ग्रॅम कोरड्या वजनात साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं, इथे आकडा हजाराच्या पुढे जाई. ते येत कुठून होतं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत मुलांच्या आयांना साधे प्रश्न विचारले. वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? कशात ठेवलं? उत्तरांत कल्हई नसलेली पितळी आणि तांब्याची भांडी पुन्हा पुन्हा आली. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हा संशय मांडला. पुढे आजारी मुलांची तुलना त्याच वयाच्या निरोगी मुलांशी केली, तेव्हा वरचं दूध लवकर सुरू होणं आणि ते अशा भांड्यांत तापवणं-ठेवणं हा फरक उठून दिसला.

रसायनाच्या दृष्टीने मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे. मुळात दुधात तांबं अगदी थोडं असतं, पण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट पकडतं. कल्हई नसलेल्या पितळेत दूध राहिलं की केसीन भांड्याचं तांबं ओढून घेतं आणि ते बाळाच्या पोटात उतरतं. दुधाचं पोषक प्रथिनच इथे धातू वाहून नेणारा हमाल झालं.

ते तांबं बाहेर काढायलाही अशीच पकड हवी होती. ती पेनिसिलामाइनमध्ये सापडली. पेनिसिलिन घेणाऱ्या लिव्हरच्या रुग्णांच्या लघवीत हा पदार्थ लंडनमध्ये जॉन वॉल्श यांना आढळला होता. पुढे बोस्टनमध्ये विल्सनच्या आजाराचा, म्हणजे शरीरात तांबं साचत जाणाऱ्या आजाराचा, रुग्ण पाहताना त्यांना वाटलं, या रेणूतलं गंधक आणि नायट्रोजन मिळून तांब्याला धरतील. औषधाची पहिली मात्रा त्यांनी स्वतः घेतली. १९५६ मध्ये लेख आला, आणि तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पोटात घ्यायचं औषध हाती आलं.

पुण्याच्या गटाने तेच औषध या मुलांना देऊन पाहिलं आणि १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. कावीळ चढल्यावर आलेल्या मुलांना फारसा उपयोग झाला नाही. कावीळ होण्याआधी उपचार सुरू झाले, तेव्हा मुलं वाचू लागली. १९९६ च्या लेखात अशी बरी होऊन मोठी झालेली मुलं आहेत. ज्या आजाराचं नाव म्हणजे मृत्यूची नोटीस होती, त्यातून मुलं शाळेत गेली!

वाद मात्र मिटला नाही. श्रीरामाचारी आणि नायक यांच्यासारख्या जाणत्या पॅथॉलॉजिस्टांनी तांब्याला मूळ कारण मानण्याला आक्षेप घेतला. त्याच भांड्यांतलं दूध पिऊन कित्येक मुलं ठणठणीत राहिली, हा प्रश्न रास्तच आहे. आनुवंशिक कच्चेपणा असणारच. तरी मला पुण्याचं म्हणणं पटतं, त्याला ऑस्ट्रियातला पुरावाही कारण आहे. तिथल्या टिरोल भागात १९०० ते १९७४ दरम्यान १३८ लहान मुलं हुबेहूब अशाच आजाराने गेल्याची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवलं जाई, आणि भांडी बदलल्यावर आजार संपला. आपल्याकडेही स्वयंपाकघरात स्टील आलं आणि आजार ओसरला. औषधाने काही मुलं वाचवली, भांडं बदलल्याने पुढच्या पिढ्या वाचल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घरी येत आहेत. जरूर आणा, कल्हई करून घ्या, वापरा. पण तान्ह्याचं दूध त्यात तापवू नका आणि ठेवू नका. त्यासाठी स्टीलचं पातेलं वेगळं ठेवा, आणि घरात बाळ येणार असेल त्यांनाही हे आवर्जून सांगा.