पायाआधीचा हिशेब

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. परंतु राहते घर आणि व्यापारी इमारत यांत अंतर आहे. घराचा खर्च वाढला तरी डोक्यावर छप्पर येते. गाळ्यांचा खर्च वाढला, तर भाड्यातून कर्जाचे व्याजही सुटत नाही. कडोलीसारख्या बेळगावनजीकच्या गावी रस्त्याकडेची शेतजमीन तारण ठेवून गाळे वा गोदाम उभारण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. म्हणून नकाशा तयार होण्यापूर्वीच खर्चाचा ठोकळ अंदाज कसा करावा, ते पाहू.

सोपी रीत क्षेत्रफळाची. प्रथम उपयोगाची जागा ठरवावी व तीत भिंती, जिना, वऱ्हांडा, शौचगृहे मिळवावीत. २,४०० चौरस फूट जागा हवी असल्यास बांधकाम सुमारे ३,००० चौरस फूट धरावे. परिसरात नुकत्याच पुऱ्या झालेल्या तशाच इमारतीच्या दर चौरस फुटाच्या खर्चाने त्यास गुणावे. केवळ उदाहरणादाखल २,००० रुपये दर घेतला, तर ६० लाख होतात. वीज व नळकामासाठी शेकडा १५, म्हणजे ९ लाख. त्या ६९ लाखांवर आकस्मिक खर्चासाठी शेकडा ५. एकूण ७२ लाख ४५ हजार.

पुष्कळांची गणती येथेच थांबते. बिनशेती परवाना, वास्तुविशारदाचे शुल्क, कूपनलिका, कुंपण आणि दरात धरला नसल्यास वस्तू व सेवा कर, ही खाती निराळी मांडावीत.

जमिनीची परीक्षाही आधीच करावी. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. दोन-तीन ठिकाणी खड्डे घेतल्यास हे थोडक्या खर्चात समजते. शिवाय आपल्याकडील पावसाळ्यात काम थांबते, व्याज मात्र थांबत नाही.

आरंभीचा अंदाज एका आकड्यात सांगू नये. शेकडा २० कमी-अधिक धरल्यास वरील इमारत ५८ ते ८७ लाखांची ठरते. सर्व रक्कम कर्जाऊ असेल, तर ८७ लाखांवर शेकडा १० दराने दरमहा ७२,५०० रुपये केवळ व्याज होते. तेवढे भाडे गावात येईल काय, हा प्रश्न पायाभरणीच्या आधी विचारावयाचा असतो.

मोठ्यांचेही अंदाज चुकतात. सिडनी येथील ऑपेरा हाऊसचा अंदाज १९५७ साली ७० लाख डॉलर होता. आराखडे अपुरे असतानाच १९५९ साली काम सुरू झाले, आणि १९७३ साली ते संपले तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दृष्टान्त प्रभू येशूने दिला असून तो संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. अर्धवट कामाला लोक हसतात, हे त्यातील मर्म. वरचा आकडा झेपत नसेल, तर पाया दोन मजल्यांचा घालावा, पण आज एकच मजला बांधावा. गंजणाऱ्या सळयांपेक्षा चालता गाळा बरा, आणि तारण ठेवलेली जमीनही मोकळी होते.