जखम भरली, आता पुढे काय?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शिरगावातून रोज सकाळी माणसांचा लोंढा बदलापूर स्थानकाकडे निघतो. कोणी कल्याणला, कोणी दादरला, कोणी थेट मुंबई सी.एस.एम.टी.पर्यंत जातो. लोकलला गर्दी असते. काही जण दारात लोंबकळतात. इकडे रस्त्यावर दुचाकी घसरतात, कारखान्यात यंत्रात हात अडकतो, बांधकामावरून मजूर पडतो. अशा वेळी आपण रुग्णाला भेटायला जातो आणि विचारतो, "आता बरे आहे ना?" हा प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्यापुढचा एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. "आता पुढे काय करायचे ठरवले आहे?" या पाठात आपण या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रथम शरीराचे काम समजून घेऊ. हाड मोडले तर ते पुन्हा जुळते. लहान हाडाला साधारण सहा आठवडे, तर मांडीसारख्या मोठ्या हाडाला तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. परंतु प्लास्टरमध्ये राहिल्यामुळे स्नायू बारीक होतात आणि सांधे आखडतात. म्हणून प्लास्टर निघाले की उपचार संपले, असे समजू नये. तेथून व्यायामोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, सुरू होते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो तुटला तर हाडासारखा जुळून येत नाही. कंबरेखालची संवेदना आणि हालचाल कायमची जाऊ शकते. म्हणून मोठ्या दुखापतीनंतर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "काय परत येईल आणि काय येणार नाही?" उत्तर कटू असले तरी ते ऐकावे, कारण नवे ध्येय त्याच्यावरच उभे राहते.

पूर्वी मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला जगण्याची फारशी आशा उरत नसे. डॉ. लुडविग गुटमन यांनी हे चित्र बदलले. ते जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले डॉक्टर होते. १९४४ साली स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात त्यांनी अशा जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. रुग्णांनी नुसते पडून राहू नये, काम करावे आणि खेळावे, असा त्यांचा आग्रह होता. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होते. त्याच दिवशी त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तिरंदाजीची स्पर्धा भरवली. खेळाडू फक्त सोळा होते. त्यातूनच पुढे १९६० साली रोम येथे पहिली पॅरालिंपिक स्पर्धा झाली.

या स्पर्धेशी आपल्या महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर भारतीय लष्करात होते. ते उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि शरीराचा खालचा भाग निकामी झाला. मुष्टियोद्ध्याला पाय फार महत्त्वाचे असतात, कारण पायांच्या हालचालीवरच त्याचा तोल आणि ठोसा अवलंबून असतो. जुन्या ध्येयाची वाट बंद झाली होती.

मग उरले काय? खांदे, दंड, छातीतला दम आणि सरावाची सवय उरली होती. पाण्यात शरीराचा भार पाणी उचलते आणि पुढे जाण्याचे काम हात करू शकतात. पेटकर पोहू लागले. १९६८ साली तेल अविव येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी टेबल टेनिसमध्ये भाग घेतला. त्यानंतर १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापले. तो जागतिक विक्रम होता. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक होय. त्यांचे नाव पुष्कळ वर्षे लोकांना ठाऊक नव्हते. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. पण पाण्यात उतरताना त्यांच्यासमोर पदवी किंवा सत्कार नव्हता. समोर पन्नास मीटरचे अंतर होते.

सर्वांनाच जुने ध्येय सोडावे लागते असे नाही. मुंबईच्या जोगेश्वरीतील रोशन शेख यांचे उदाहरण पाहा. वडील भाजी विकत. दहावीला त्यांना ९२ टक्क्यांहून अधिक गुण मिळाले होते आणि डॉक्टर व्हायचे ठरले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये परीक्षा देऊन परतताना त्या गर्दीच्या लोकलमधून पडल्या आणि त्यांनी दोन्ही पाय गमावले. डॉक्टर होण्यासाठी लागणारी बुद्धी मात्र शाबूत होती. त्यांनी कृत्रिम पायांवर चालण्याचा सराव केला, अभ्यास चालू ठेवला आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण केली.

आता नियम आडवा आला. त्या वेळी ७० टक्क्यांपर्यंत अपंगत्व असलेल्यांनाच वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळत असे आणि त्यांचे अपंगत्व त्याहून जास्त होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यांनी परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि २०१६ साली त्या एम.बी.बी.एस. झाल्या. पुढील शिक्षणासाठी त्यांनी पॅथॉलॉजी हा विषय घेतला. रक्त, पेशी आणि शरीराचे इतर नमुने तपासून रोग ओळखण्याचे हे शास्त्र आहे. येथे धावपळीपेक्षा नजर आणि ज्ञान अधिक लागते. ध्येय तेच राहिले, वाट मात्र त्यांनी विचारपूर्वक निवडली.

ध्येय स्वतःपुरतेच असावे असेही नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन सोळा-सतराव्या वर्षी अधू झाले आणि त्यांना चाकाची खुर्ची घ्यावी लागली. सुरुवातीला त्या फार निराश झाल्या. त्यांच्यासारखेच अपंगत्व असूनही कामात गढलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांच्या मनाने उभारी घेतली. त्यांनी शिक्षण पूर्ण केले, सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात अपंगांसाठी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे मराठी आत्मचरित्र तुम्ही जरूर वाचा.

या तीन उदाहरणांवरून काही गोष्टी लक्षात येतात. पहिली, गेले काय याची यादी मनात आपोआप होते. उरले काय याची यादी मात्र कागदावर लिहून काढावी लागते. दुसरी, ध्येय मोठे असले तरी त्याचे लहान टप्पे पाडावेत. आज पलंगावर उठून बसणे, पुढच्या आठवड्यात दारापर्यंत जाणे, महिन्याने जिना चढणे. प्रत्येक टप्पा मोजता आला पाहिजे. तिसरी, घाई करू नये. डॉक्टरांची परवानगी नसताना भार टाकला तर जुळत आलेले हाड पुन्हा मोडते. चौथी, मदत मागण्यात कमीपणा नाही. मुंबईत हाजी अली येथे अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. कृत्रिम अवयव, व्यायाम आणि कामाचे शिक्षण अशा ठिकाणी मिळते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक जखमी माणूस पदक जिंकेल असे नाही. एखाद्याचे ध्येय पुन्हा दुकान उघडणे असेल, एखादीचे पुन्हा शिवणयंत्रावर बसणे असेल, कोणाचे बुडालेले वर्ष भरून काढून दहावीला बसणे असेल. ही ध्येये लहान दिसली तरी त्यांना लागणारी हिंमत लहान नसते. म्हणून रुग्णापुढे नुसती हळहळ व्यक्त करू नये. "बिचारा" हा शब्द माणसाला पलंगाला खिळवून ठेवतो. त्याऐवजी त्याची वही आणून द्यावी, वर्गात झालेला धडा समजावून सांगावा, त्याच्याबरोबर दहा पावले चालावे.

आणि मित्रांनो, पाय शाबूत असताना ते जपणे हेही आपले कर्तव्य आहे. एक लोकल सुटली तर दुसरी येते. दारात लोंबकळू नका, रूळ ओलांडू नका. त्यातूनही कोणावर संकट आले, तर भेटायला जाल तेव्हा दोन्ही प्रश्न विचारा. प्रकृतीची चौकशी करा आणि मग शांतपणे बसून विचारा, "आता पुढे काय करायचे? मी काय मदत करू?"