फाल्गुनातली पहाटफेरी

गळीत हंगाम उतरणीला लागला की ऊसविकास खात्याच्या माणसाला जरा उसंत मिळते. एरवी आम्ही आपल्या शिवारात येतो ते फटफटीवर, धुरळा उडवत. नोंदीचे रजिस्टर काखेत आणि डोळे उसाच्या फुटव्यावर. दोन वर्षांमागे डॉक्टरांनी आमच्या रक्तात साखर सापडल्याचे सांगितले. (साखर कारखान्यात नोकरी करून ती रक्तातही साठवावी, यात काही मोठा पराक्रम नाही!) रोज तासभर चाला म्हणाले. तेव्हापासून पहाटे सहाला घरातून निघून ओढ्याच्या बांधाने पाटापर्यंत जातो आणि परत येतो. तीन मैलांच्या आतबाहेरची ही फेरी. वीस वर्षे ज्या बांधांवरून गाडी हाकली, ते बांध आम्ही खरे तर आत्ताच पाहतो आहोत.

फाल्गुनात या वाटेवर गंमत असते. रात्रीचा गारठा पहाटेपर्यंत रेंगाळतो, आणि ऊन वर आले की अंगावरचा स्वेटर हातात घ्यावा लागतो. ओढ्याकाठचा पांगारा एकही पान नसताना लालभडक होतो. त्याच्या पलीकडे काटेसावर, आणि माळाच्या कडेला पळस. या फुलांच्या वाट्यांत मध असतो, म्हणून साळुंक्या, कावळे, भोरड्या, कोतवाल आणि इवलासा शिंजीर अशी सगळ्यांची तिथे पंगत बसते. भोरड्या हे परमुलखातले पाहुणे, उन्हाळा चढला की निघून जातात. उंबरावर तांबट टुक टुक करीत बसतो. आवाज तासभर ऐकू येतो, पक्षी मात्र दिसता दिसत नाही.

चालताना खात्याचेही काम होते, हे सांगितले पाहिजे. सुरू उसात मधला पोंगा वाळलेला दिसला तर तो उपटून पाहावा. सहज निघून आला आणि बुडाला कुजका वास आला, तर ती खोडकीड. फटफटीवरून हा वास येत नाही. आणि बांधावरच्या झाडावर बसून किडे टिपणारा कोतवाल आपल्याकडे मजुरी मागत नाही. सावलीने ऊस मारतो म्हणून बांध बोडके करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. चार सऱ्यांचे नुकसान होते, ते आम्ही नाकारत नाही.

आता या वर्षी घडले ते. पाटाजवळच्या एका आबांचा दोन एकर ऊस तुटून खोडवा राखायचा होता. टोळी जाऊन चार दिवस झालेले, पाचट रानभर पसरलेले. आम्ही बांधावर पोचतो तोच एक टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली. ती एवढी कावते म्हणजे जवळच काहीतरी असणार, म्हणून पावले जपून टाकली. बांधालगतच्या मुरमाड उंचवट्यावर, चार खड्यांच्या आळ्यात चार अंडी! रंग असा, की खडे कोणते नि अंडी कोणती कळू नये. काडी-गवताचे घरटे ती बांधत नाही. पाचट तिथून हातभर अंतरावर होते.

आबा संध्याकाळी काडी लावणार होते. आम्ही म्हटले, "आबा, पेटवू नका."

ते हसले. "अवो सायेब, मागं तुमीच म्हनला हुता, पेटवा, रान मोकळं हुतं म्हनून."

खरे होते. नोकरीच्या सुरुवातीला आम्हीच तसे सांगत होतो. फुटवा एकसारखा दिसतो, पाणी सरळ धावते, असे वाटे. त्या धुरात काय काय गेले असेल, याचा हिशेब आमच्या रजिस्टरला कधी आला नाही. आबांना तोंड द्यायला जरा जड गेले. "तेव्हा चुकलो," एवढेच म्हटले.

मग हिशेब मांडला. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र धरला, तरी पंधरा ते वीस किलो नत्र धुरात जाते, सेंद्रिय कर्ब वेगळाच. पाचट सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू खत ४ किलो टाकून पाणी द्यावे. ओल टिकते, तण दबते. आबांनी ऐकून घेतले, पण त्यांचे मन वळले ते अंड्यांनी. "टिटवीनं उंचावर घातल्यात. औंदा पाऊस बरा हाय म्हनायचा," म्हणाले. पदविकेच्या पुस्तकात हे आम्हाला शिकवले नव्हते. आम्ही वाद घातला नाही.

काडी लागली नाही. पाचट सरीत गेले, त्या उंचवट्याभोवती आबांनी चार बाभळीच्या फांद्या रोवल्या आणि पाणी देताना दारे धरणाऱ्याला तिकडचा बांध फुटू देऊ नको म्हणून बजावले. आम्ही रोज लांबूनच पाहून परतायचो. टिटवीला अंडी उबवायला अठ्ठावीस-तीस दिवस लागतात. पाडव्यानंतर एका सकाळी गेलो, तर जागा रिकामी, टरफलाचे दोन तुकडे पडलेले. मुंगूस, कावळा की काय झाले, या विचारात उभे होतो. तेवढ्यात पलीकडच्या सरीत, पाचटाच्या आडोशाला, लांब पायांचे एक पिल्लू पळाले आणि लगेच खड्यासारखे निपचित बसले. वरून आई-बाप ओरडायला लागले. बाकीची तीन कुठे होती, ते काही आम्हाला दिसले नाही.

आबा मोट्याच्या कडेला उभे राहून विचारत होते, "सायेब, खोडवा फुटतुया न्हवं?" फुटत होता.