तेराव्यानंतरचे वीस हजार

घरचा कर्ता गेला की तेराव्याच्या आतच उसनवारी सुरू होते. अशा वेळी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला सरकार एकरकमी २०,००० रुपये देते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९९५ साली सुरू झालेली ही राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. मृताचे वय १८ ते ५९ हवे. अर्ज तहसील कचेरीत. पण वयाचा पुरावा, दारिद्र्यरेषेच्या यादीतले नाव, असे एकेक कागद जमवताना दिवस सरतात आणि वाण्याची उधारी वाढत जाते. निराधार योजनेच्या मासिक अनुदानासाठी त्याच विधवेने पुन्हा वेगळा अर्ज करायचा!

कामवाल्या बाईंवर ही वेळ आली की आपण हातावर पाचशे ठेवतो. त्यांच्याबरोबर जाऊन २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद मात्र कुणी करून देत नाही.