चष्मेवाले, माळी आणि बर्फवेडा शेतकरी

सुरुवात अमेरिकेतल्या दोन चष्मेवाल्यांपासून करतो. एक केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचा राल्फ यूजीन मीटयार्ड, दुसरा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा मिल्टन रोगोविन. गिऱ्हाइकाला नीट दिसेल अशी सोय करून देणं हा दोघांचाही धंदा. मीटयार्ड काचा घासून फ्रेमला बसवणारा ऑप्टिशियन, रोगोविन डोळे तपासून नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट. दोघांनी कॅमेरा हातात घेतला तो दुकान न सोडता. पण फोटो पाहाल तर एकाचे बघून वाटावं, यालाच चष्म्याची गरज आहे. दुसऱ्याचे इतके नितळ, की अंगातल्या कपड्याची सुरकुतीही सुटत नाही.

छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना अशा मंडळींना शेवटच्या प्रकरणात जागा मिळते. नोकरी सांभाळून किती केलं हो, असं म्हणताना त्यात कौतुक कमी आणि सवलतीचे मार्क जास्त असतात. मला ते पटत नाही. या लोकांचं हातावरचं काम आणि त्यांचे फोटोतले प्रयोग यांत भिंत नव्हतीच. कामानं हाताला जे वळण लावलं तेच फोटोत उतरलं. शिवाय घरभाडं दुसरीकडून निघत असल्यामुळे फिल्म वाया घालवण्याची चैन त्यांना परवडली. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याला ती कुठली?

मीटयार्डनं १९५० साली पहिला कॅमेरा घेतला तो नुकत्याच झालेल्या मुलाचे फोटो काढायला. इथवर ही कुठल्याही बापाची गोष्ट आहे. १९५४ साली तो लेक्सिंग्टन कॅमेरा क्लबात गेला, १९५६ साली छायाचित्रकार मायनर व्हाइट यांच्या कार्यशाळेला जाऊन आला, झेन विचार वाचू लागला आणि गाडी रुळावरून घसरली. म्हणजे बरंच झालं. सुट्टीच्या दिवशी बायको आणि तीन मुलांना मोटारीत घालायचं, स्वस्त दुकानातून आणलेले रबरी मुखवटे बरोबर घ्यायचे आणि गावाबाहेरच्या ओसाड, पडक्या घरांत जायचं. पोपडे आलेल्या भिंतीशी म्हाताऱ्याचा मुखवटा घातलेलं पोर उभं करायचं. फोटो पाहताना आपण आधी हसतो, मग हसू आवरतं घेतो.

मुखवट्यांपेक्षाही मला त्याचे 'नो-फोकस' फोटो जास्त महत्त्वाचे वाटतात. भिंग मुद्दाम फोकसच्या बाहेर फिरवून ठेवायचं आणि मग समोरचं दृश्य टिपायचं. माणसं विरघळून काळे-पांढरे ठिपके होतात. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढच्या काचा अचूक बसवणाऱ्यालाच हे सुचावं, यात मला योगायोग दिसत नाही. चष्मा काढून ठेवल्यावर जग कसं दिसतं, हे गिऱ्हाईक त्याला रोज सांगत असणार. पाण्यावरच्या उजेडाचे फोटो, बारीक काटक्यांपैकी एकीचंच टोक फोकसमध्ये ठेवून काढलेले फोटो, कॅमेरा जरासा हलवत एकाच निगेटिव्हवर अनेकदा दिलेलं एक्स्पोजर, असे बाकीचे प्रयोगही भिंगाशी खेळणाऱ्या माणसाचेच. वेळ मात्र नसायचा. वर्षभर रोल साठवायचे आणि बरेचदा सुट्टीत एकदम धुवायचे, अशी पद्धत. काढलेला फोटो महिनोन्‌महिने दिसायचा नाही. १९६७ साली त्यानं 'आयग्लासेस ऑफ केंटकी' हे स्वतःचं दुकान थाटलं आणि तिथेच भिंतीवर फोटोंची प्रदर्शनं मांडली. १९७०च्या सुमारास कॅन्सरनं गाठलं. त्या दिवसांत त्यानं एक मालिका चालवली: प्रत्येक फोटोत बायको एक मुखवटा घालून उभी, शेजारी दरवेळी वेगळा मित्र किंवा नातेवाईक, तोही मुखवट्यात. चौसष्ट फोटो. मे १९७२मध्ये तो गेला तेव्हा सत्तेचाळीसही पूर्ण नव्हते. या मालिकेचं पुस्तक १९७४ साली निघालं.

रोगोविनची कथा राजकारणातून सुरू होते. डाव्या विचारांचा म्हणून १९५७ साली त्याला अमेरिकी काँग्रेसच्या कुप्रसिद्ध चौकशी समितीपुढे उभं केलं. त्यानं उत्तरं दिली नाहीत. स्थानिक वर्तमानपत्रानं त्याला शहरातला बडा कम्युनिस्ट ठरवलं आणि निम्मं गिऱ्हाईक तुटलं. रिकामा वेळ मिळाला, तो त्यानं कॅमेऱ्याला दिला. आधी कृष्णवर्णीयांची छोटी प्रार्थनाघरं टिपली. १९७२पासून बफेलोच्या लोअर वेस्ट साइड या गरीब वस्तीत तो फिरू लागला. माणसाला उभं कसं राहायचं ते सांगायचं नाही, नंतर प्रिंट नेऊन द्यायची, एवढे नियम. मग दहाबारा वर्षांनी तीच माणसं शोधून पुन्हा फोटो, नव्वदीत पुन्हा, २०००नंतर चौथ्यांदा. चार फोटो शेजारी ठेवले की कुणाचं लग्न, कुणाचं व्यसन, कुणाचं नसणं दिसत जातं. जुन्या पेशंटला दर काही वर्षांनी नंबर तपासायला बोलवावं तसा हा शिरस्ता. त्याला एकशे एक वर्षांचं आयुष्य मिळालं म्हणून तो पुरा झाला.

आता शेतकरी. व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली, जन्म १८६५, गाईगुरं राखून दूध काढणारा. आई पूर्वी शिक्षिका होती. तिच्या सूक्ष्मदर्शकातून पोरानं हिमकण पाहिला आणि वेडा झाला. काही हिवाळे चित्रं काढण्यात गेले, पण चित्र पुरं व्हायच्या आत मॉडेलच वितळायचं. शेवटी वडिलांनी कुरकुरत कॅमेरा आणि चांगला सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. १५ जानेवारी १८८५ रोजी त्याला हिमकणाचा पहिला फोटो साधला. तेव्हा तो विशीतही पोचला नव्हता.

त्याची कामाची रीत तपशिलात बघण्यासारखी आहे. जागा म्हणजे शेकोटी नसलेली शेड. बर्फ झेलायला काळी रंगवलेली लाकडी पाटी, हाताची ऊब लागू नये म्हणून तिला तारेच्या मुठी. कण दिसला की केरसुणीच्या काडीच्या टोकानं उचलायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि पिसानं अलगद दाबून सपाट करायचा. हे सगळं श्वास रोखून, कारण एका उच्छ्वासात खेळ खलास. मग खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे कॅमेरा रोखून कित्येक सेकंदांचं एक्स्पोजर. अडचण अशी, की कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र पाहताना पुढचं फोकसचं चाक हाताला पोचत नसे. त्यानं दोरी आणि चाकं जोडून मागे उभ्या उभ्या ते फिरवायची सोय केली. असली जुळवाजुळव शेतावर वाढलेल्या माणसाला सुचते. त्यासाठी प्रयोगशाळेत जावं लागत नाही. आणखी एक हातचलाखी: पांढरा कण पांढऱ्या पार्श्वभूमीवर उठत नाही, म्हणून निगेटिव्हची प्रत काढून तिच्यावरचा कणाभोवतीचा थर तो चाकूनं खरवडून टाकी. प्रिंटमध्ये भोवती काळाकुट्ट अंधार. यावरून जर्मनीतल्या हेलमान या हवामानशास्त्रज्ञानं त्याला धारेवर धरलं. टीकेत दम होता. खरवडताना कडा बदलण्याचा धोका असतोच, आणि बेंटलीला देखण्या, सुडौल कणांचा जरा जास्तच लोभ होता. वेडेवाकडे कण त्याच्या दारात कमी पडत होते, असं थोडंच आहे!

पावसाचे थेंब मोजायची त्याची युक्ती तर थेट स्वयंपाकघरातली. परातीत चाळलेलं पीठ पसरून ती क्षणभर पावसात धरायची. प्रत्येक थेंबाची पिठात गोळी होते. सुकल्यावर गोळ्या मोजायच्या. या निरीक्षणांवरचा त्याचा लेख १९०४ साली अमेरिकी हवामान खात्याच्या मासिकात छापून आला. हिमकणांचे पाच हजारांवर फोटो त्यानं काढले, काचपट्ट्या पाच सेंटला एक अशा विकल्या, आणि घर चाललं ते गाईंच्या दुधावर. नोव्हेंबर १९३१मध्ये 'स्नो क्रिस्टल्स' हे दोन हजार चारशेहून अधिक चित्रांचं पुस्तक आलं. पुढच्याच महिन्यात न्यूमोनियानं तो वारला.

इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये एका बड्या घराचा माळी होता, चार्ल्स जोन्स. त्यानं स्वतः पिकवलेल्या भाज्यांचे फोटो काढले. कांदा, घेवडा, बीट, सगळी मंडळी अगदी साध्या पार्श्वभूमीवर, फोटो काढून घ्यायला बसलेल्या जमीनदारासारखी भारदस्त. प्रिंटच्या मागे भाजीच्या जातीचं नाव आणि स्वतःची आद्याक्षरं. फोटो कुणाला दाखवल्याचा पुरावा नाही. १९८१ साली लंडनच्या बर्मंडसी बाजारात एका पेटीत शेकडो प्रिंट सापडले तेव्हा जोन्सला जाऊन बावीस वर्षं झाली होती. निगेटिव्ह एकही नाही. नातीनं सांगितलं, की म्हातारपणी आजोबा त्या काचा बागेत कोवळ्या रोपांवर झाकायला वापरत. संग्राहकांना हे ऐकून घाम फुटतो. माळ्याला विचाराल तर काच ही काच. रोप जगलं पाहिजे.

फोटो धुणं हेही हातकामच होतं, हे आता विसरायला झालं आहे. आपल्याकडे बडोद्यात बनणारा अगफा क्लिक थ्री घराघरांत होता: एका रोलवर बारा चौकोनी फोटो. रोल होता तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू', नाहीतर पूर्व जर्मनीचा ऑर्वो. हौस वाढली की न्हाणीघराची डार्करूम व्हायची, तीही रात्रीच, कारण सकाळी पाणी आल्यावर रांग लागे. झरोक्याला काळा कागद, लाल झिरोचा दिवा, डेव्हलपर आणि हायपो या रसायनांचे ट्रे बादलीवर टाकलेल्या फळीवर, आणि कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी टांगलेल्या प्रिंट. घरच्यांना हायपोच्या वासाचा राग. शिकागोतल्या व्हिव्हियन मायर या आयाबाईंचीही तीच तऱ्हा. मालकांनी तिला स्वतंत्र न्हाणीघर दिलं, तीच तिची डार्करूम. ती नोकरी सुटल्यावर न धुतलेले शेकडो रोल साठत गेले. २००७ साली थकलेल्या भाड्यापोटी तिच्या सामानाचा लिलाव झाला आणि जगाला ती कळली. मायरवर आता इतकं लिहून झालंय की इथे थांबतो.

अंधारातला सर्वांत मजेशीर प्रयोग मात्र दोन वादकांचा. लिओपोल्ड मॅन्स पियानोवाला, लिओपोल्ड गोडोव्स्की व्हायोलिनवाला. शाळेपासूनचे मित्र, आणि रंगीत फिल्म बनवायच्या नादी लागलेले. प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात नि बाथटबमध्ये चालत. पूर्ण काळोखात प्लेट किती सेकंद रसायनात ठेवायची? चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ चालत नाही, त्याच्या उजेडानं प्लेट खराब होते. हे दोघं ब्राम्सच्या सी मायनर सिंफनीचा शेवटचा भाग सेकंदाला दोन मात्रा या लयीत शीळ घालत मोजायचे. पुढे कोडॅकनं दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि १९३५ साली कोडाक्रोम बाजारात आली. तबल्याचं अंग असलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये. लय अंगात भिनली की घड्याळ कशाला?

छंदानं धंदाच गिळला, अशीही उदाहरणं आहेत. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढत होते. १८७४च्या सुमारास फोटोचा नाद लागला, पुढे सरकारी नोकरी सुटली, निजामाच्या दरबारात मान मिळाला आणि १८९६ साली मुंबईत स्टुडिओ निघाला. इमारतींचे त्यांचे फोटो पाहिले की आतला ड्राफ्ट्समन ओळखू येतो, प्रत्येक खांब ओळंब्यात. दरबारी समूहचित्रांत मात्र मला तो दिसत नाही. तिथे गिऱ्हाईक दिसतं.

आणि आपले त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग रंगीत छपाईचा छापखाना. छपाईवाल्याला रंगांचे थर एकमेकांवर नेमके बसवण्याची आणि सबुरीची सवय असते. चलच्चित्रांचं वेड लागल्यावर डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार आणि चष्मे यांवर दृष्टी परतली. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर भांडवलदाराला पटवायला त्यांनी काय टिपलं? कुंडीतला वाटाणा. ठरावीक अंतरानं एकेक चौकट घेत रोप कसं उगवतं ते पडद्यावर मिनिटभरात दाखवलं. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांच्या तोंडी आहे. माझ्या लेखी खरा फाळके त्या कुंडीपाशी आहे, पदरचं घालून रोज एकच चौकट पुढे सरकवणारा. फिल्मला भोकं पाडण्याचं, ती धुण्याचं काम त्यांची पत्नी सरस्वतीबाई रात्री जागून करत. ज्याला हातावरचं काम म्हणतात, ते हेच.

न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला रायन वाइडमन याचं थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात रात्रपाळीत गाडी चालवता चालवता त्यानं मागच्या सीटवरच्या उतारूंचे फ्लॅश मारून फोटो काढले, पुढच्या कोपऱ्यात स्वतःचाही चेहरा ठेवून. स्टुडिओचं भाडं गिऱ्हाईकच मीटरप्रमाणे देत होतं, यापेक्षा हिशेबी प्रयोग माझ्या माहितीत नाही.

आता रोल नाही, धुणं नाही, वाया जायला काही नाही. तरी जुगाड संपलेलं नाही. मॉस्कोतल्या एका हौशी माणसानं घराच्या बाल्कनीत, साध्या डिजिटल कॅमेऱ्यापुढे जुनी सोव्हिएत लेन्स उलटी बसवून, गडद लोकरीच्या कापडावर पडलेल्या हिमकणांचे असे फोटो काढले आहेत की बेंटलीनं काडी खाली ठेवली असती. एकाच कणाचे अनेक फोटो घेऊन संगणकावर ते एकत्र केले की दाणेदारपणा जातो. लेन्स उलटी लावली की ती वस्तू मोठी दाखवणाऱ्या भिंगासारखी चालते, एवढंच यातलं शास्त्र. आपल्याकडे बर्फ नाही, पण मिठाचा खडा आहे, खसखस आहे, रांगोळीही आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स माळ्यावर पडलेली असतेच. ती उलटी करून कॅमेऱ्यासमोर घट्ट धरा आणि फोकससाठी चाक न फिरवता स्वतःच मागेपुढे व्हा. उलट्या लेन्सची मागची काच उघडी पडते, तेव्हा पूड उडू देऊ नका. आणि अंगणातल्या रांगोळीवर गुडघे टेकण्याआधी, जिनं ती काढली तिला विचारा.